समोरचा चुकणारच, हे धरून गाडी चालवा: नागपूरच्या दुचाकीस्वारांसाठी

बावीस वर्षं मी मानेवाड्याहून हिंगणा एमआयडीसीत दुचाकीवर कामाला जातो. इतक्या वर्षांत जोरात असा एकदाच पडलो. छत्रपती चौक, सकाळचे पावणेनऊ, सिग्नल नुकताच हिरवा झालेला, माझा वेग चाळिसाच्या आत. डावीकडून एक कार लाल सिग्नल तोडून आली आणि मी तिच्या बॉनेटवर आदळलो. कॉलरबोन मोडलं. चूक पूर्ण तिची होती. पण हात गळ्यात बांधून घरी बसलो होतो तेव्हा मला वेगळंच आठवत राहिलं. माझ्या डाव्या बाजूचा ऑटोवाला सिग्नल सुटल्यावरही जागचा हलला नव्हता. त्याला ती कार दिसली होती. तो थांबलाय हे मलाही दिसलं होतं, पण का थांबलाय हे मी स्वतःला विचारलं नाही.

चूक कुणाची, हा प्रश्न पोलिसांचा आणि विमा कंपनीचा. गाडीवर बसलेल्याचा प्रश्न एवढाच की ती चूक आपल्यापर्यंत पोचायच्या आधी दोन सेकंद कळेल का, आणि कळली तर बाजूला व्हायला जागा असेल का. दोन सेकंद आणि थोडी मोकळी जागा, यापलीकडे दुचाकीवाल्याकडे संरक्षण नाही. कारवाल्याभोवती पत्रा असतो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली जवळपास ४४.५ टक्के दुचाकीवरची होती.

यंदा भाच्याला लायसन्स मिळालं. त्याला शेजारी बसवून जे सांगितलं, रविवारी सकाळी सोबत नेऊन जे करून घेतलं, तेच इथे क्रमाने लिहितो.

निघण्याआधी गाडीकडे दोन मिनिटं

टायरची हवा आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना तपासा. टायर गरम झाल्यावर आकडा फुगून दिसतो, आणि नागपूरच्या मे महिन्यात तर दुपारी तो हमखास फसवतो. योग्य आकडा चेनकव्हरवरच्या स्टिकरवर किंवा माहितीपुस्तिकेत असतो, तोच धरा. पंक्चरवाल्याचा अंदाज नको.

ब्रेकलाइट जळतो का, हे बहुतेकांना महिनोन्‌महिने माहीत नसतं. संध्याकाळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करा, आधी पुढचा आणि मग मागचा ब्रेक दाबा, भिंतीवर लाल उजेड पडला पाहिजे. दोन्ही ब्रेकने पडला पाहिजे. तुमच्या मागे टिप्पर असेल तर तुम्ही थांबताय हे त्याला सांगणारी ती एकच वस्तू आहे.

आरसे घडी करून किंवा काढून फिरणारी पोरं पाहिली की जीव खालीवर होतो. आरसा असा लावा की त्यात कोपर काठाला जेमतेम दिसेल आणि बाकी सगळा मागचा रस्ता दिसेल. आरशात आपला खांदाच दिसत असेल तर तो आरसा निकामी आहे. साइड स्टँड, चेन, क्लचची केबल यांच्यावर नजर फिरवायला अर्धं मिनिटही लागत नाही.

हेल्मेट: घेताना आणि घालताना

हेल्मेटवर आयएसआयची खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहा. १ जून २०२१ पासून ही खूण नसलेलं दुचाकीचं हेल्मेट विकायला देशात बंदी आहे, तरी रस्त्याकडेला टोप्यांसारखी हेल्मेटं मिळतातच. ती चलान वाचवतात, डोकं वाचवत नाहीत. चांगल्या हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूची सुमारे ४२ टक्क्यांनी कमी होते, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून निघालेलं आहे.

दुकानात हेल्मेट घाला, पट्टा बांधा आणि मागच्या कडेला धरून वर-पुढे ओढून पाहा. निघून आलं तर एक माप लहान घ्या. गाल थोडे दाबले गेले पाहिजेत, महिन्याभरात आतला फोम बसतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच ढिला ठेवा. पट्टा न बांधलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यातच डोक्यावरून उडून जातं. चेहरा झाकणारंच घ्या, कारण पडताना हनुवटी हमखास रस्त्याला लागते.

उन्हाचं कारण मी मान्य करतो, कारण तेच ऊन मीही खातो. पारा ४५च्या वर गेला की हेल्मेटच्या आत भट्टी होते. उपाय आहेत. पांढरं किंवा फिकट रंगाचं, हवा खेळायला झरोके असलेलं हेल्मेट घ्या. आत पातळ सुती टोपी किंवा दुपट्टा ओला करून घट्ट पिळून घाला. मात्र डोक्यावर दुपट्ट्याचे पाच वेढे आणि त्यावर हेल्मेट, असं करू नका. हेल्मेट तरंगतं आणि कानांवर कापड आलं की हॉर्न ऐकू येत नाही. काळी काच दिवसा बरी वाटते, संध्याकाळी परत येताना तीच घात करते. काच पारदर्शकच ठेवा, उन्हासाठी आतून चष्मा लावा.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट कायद्याने लागतं, मग ती आजी असो की शाळेतला मुलगा. चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा हवा आणि गाडी ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायची नाही, असा नियम २०२३ पासून लागू आहे. पायात बंद बूट घाला. चपलेवर पडलेल्या माणसाची बोटं मी पाहिली आहेत, त्याचं वर्णन करत नाही.

ब्रेकची तालीम रिकाम्या रस्त्यावर

हे कुणीच करत नाही आणि मला हेच सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. जन्मात पहिल्यांदा जोरात ब्रेक लावायची वेळ टिप्परसमोर येऊ नये. रविवारी सकाळी सहाला बेसा-घोगलीकडे एखाद्या नव्या ले-आउटमध्ये जा. रस्ते रुंद असतात, घरं कमी असतात. तिथे गाडी तिसावर न्या आणि थांबवा. मग चाळीसवर.

पुढचा ब्रेक लावला की माणूस हँडलवरून फेकला जातो, असं लहानपणापासून ऐकत आलो. खरं असं आहे की ब्रेक लागताच सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, म्हणून रोखायची ताकदही जास्त पुढच्याच चाकाकडे असते. मागचं चाक हलकं होऊन घसरतं. फेकला जातो तो पुढचा ब्रेक झटक्यात ओढणारा, किंवा हँडल वळलेलं असताना ओढणारा. हँडल सरळ ठेवा, मागचा हलका दाबा आणि पुढचा लिंबू पिळल्यासारखा दाबत न्या. आधी हलका, वजन पुढे आलं की घट्ट. नजर समोर लांब. चाकाकडे किंवा ज्याला धडकायची भीती आहे त्याच्याकडे पाहत राहिलात तर गाडी तिकडेच जाते.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांना एकत्र ब्रेक देणारी सीबीएस यंत्रणा सक्तीची झाली. एबीएस असेल तर तालमीत एकदा तो जागा करून पाहा, म्हणजे हाताखाली ब्रेक थरथरला तर घाबरून सोडणार नाही. जुनी गाडी असेल तर चाक कुठे लॉक होतं हे हाताला कळलं पाहिजे.

आता हिशेब. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. दिसलं, कळलं, हात ब्रेकवर गेला, यातच तो सेकंद संपतो. पुढे कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी साधारण १० मीटर. ताशी ६०ला पहिला सेकंदच जवळपास १७ मीटर खातो आणि वर बावीस-तेवीस मीटर लागतात, म्हणजे सगळे मिळून ४०. वेग दीडपट झाला आणि लागणारी जागा जवळपास दुप्पट झाली. म्हणून शहरात मी पंचेचाळीसच्या वर जात नाही. मानेवाडा ते हिंगणा साठीने जाऊन पाहिलं आहे. चारच मिनिटं वाचली, तीही पुढच्या सिग्नलला परत गेली.

चौक

नागपुरातले बहुतेक धोके मला चौकातच भेटले. १९८१ साली अमेरिकेत लॉस एंजेलिस भागातल्या ९०० दुचाकी अपघातांचा तपशिलात अभ्यास झाला होता. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत दुचाकीचा हक्काचा रस्ता समोरच्याने अडवलेला होता, आणि त्याचं ठरलेलं म्हणणं, ‘गाडी दिसलीच नाही’. तो खोटं बोलत नसतो. दुचाकी समोरून बारीक दिसते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते. ‘अजून वेळ आहे’ असं समजून तो वळतो. त्याच्या नजरेवर विसंबू नका.

चौक जवळ आला की वेग आधीच उतरवा आणि उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर, पाय मागच्या ब्रेकवर ठेवा. दाबू नका, नुसते ठेवा. एका सेकंदातला अर्धा इथे वाचतो.

सिग्नल हिरवा झाला की सुटू नका. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे पाहा. मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू द्या. शेवटच्या पिवळ्यात आणि लाल झाल्यावरही पार होणारे आपल्याकडे कमी नाहीत. आणि बाजूचं वाहन हिरव्यावरही थांबलेलं असेल तर तुम्हीही थांबा. त्याला काहीतरी दिसतंय जे त्याच्याच आडोशाने तुम्हाला दिसत नाही.

मेट्रोच्या खांबांनी हा आडोसा फार वाढवला आहे. वर्धा रोड, कामठी रोड, सेंट्रल अव्हेन्यू, हिंगणा रोड, या चारही रस्त्यांवर दुभाजकात खांबांची रांग आहे. खांबामागून यू टर्न घेणारी कार किंवा दुभाजकाच्या फटीतून पळत येणारा माणूस अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. दुभाजकात फट दिसली की तिथून कुणी येतंय असंच समजा, उजव्या कडेला चिकटून जाऊ नका. एक हात डावीकडे राहिलात तर खांबामागचं थोडं आधी दिसतं.

वळायच्या तयारीतल्या गाडीच्या चालकाच्या डोळ्यांकडे पाहू नका, तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. माणूस तुमच्याकडे बघत असतानाही गाडी पुढे काढतो. चाक फिरायला लागलं तर मात्र खात्रीच.

डावीकडे वळणाऱ्या बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूला कधीही घुसू नका, कितीही मोकळी जागा दिसली तरी. वळताना त्याची मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात आणि ती मोकळी जागा मिटते. साधी खूण लक्षात ठेवा: ट्रकच्या आरशात चालकाचा चेहरा तुम्हाला दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीच्या बरोबर मागे न राहता थोडं बाजूला उभे राहा, निसटायला एक गाडीभर जागा ठेवा. मागचं वाहन थांबेपर्यंत गिअर पहिलाच ठेवा आणि आरशात पाहत राहा. ते थांबलं की मग न्यूट्रल.

उन्हाळ्यात दुपारी लोक उन्हात ताटकळू नयेत म्हणून काही चौकांतले सिग्नल बंद ठेवतात. हेतू चांगला आहे. पण त्या दोन-चार तासांत चौक ज्याची गाडी मोठी त्याचा होतो. अशा चौकात थांबून, पाहून, एखाद्या कारच्या आडोशाने तिच्यासोबतच पार व्हा.

कोण कशी चूक करतो

माणसं बेफिकीर असली तरी त्यांच्या चुका ठरावीक असतात. त्या ओळखल्या की अर्धं काम झालं.

ऑटो आणि ई-रिक्षा सवारी दिसेल तिथे थांबतात. म्हणून ऑटोच्या मागे असताना ऑटोकडे पाहू नका, फुटपाथवर हात करणाऱ्या माणसाकडे पाहा. त्याचा हात वर गेला की ऑटो डावीकडे येणार, इंडिकेटर लागो न लागो. ई-रिक्षा वेग घेत नाही पण वळताना झटकन फिरते, तिच्या उजवीकडून जाताना हॉर्न देऊनच जा.

सिटी बस थांब्यावर उभी असेल तर डावीकडून काढू नका, दारातून माणूस उतरतो. उजवीकडून काढताना तिच्या पुढच्या कोपऱ्यावर नजर ठेवा. बसच्या पुढून रस्ता ओलांडणारी शाळकरी मुलं तिथूनच बाहेर येतात.

उभ्या कारच्या रांगेपाशी, म्हणजे धरमपेठ, सीताबर्डी, सदर कुठेही, एक दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेवूनच जा. कारच्या मागच्या काचेतून आत डोकं दिसलं, ब्रेकलाइट नुकताच विझला, तर दार उघडणार आहे.

राँग साइडने येणारे हे नागपूरचं मोठं दुखणं. पुढचा यू टर्न अर्धा किलोमीटर लांब, म्हणून माणूस डाव्या कडेने उलटा येतो. त्यामुळे अगदी डावी कडसुद्धा सुरक्षित राहिलेली नाही, विशेषतः पेट्रोल पंप, मंगल कार्यालय आणि शाळेच्या आसपास. तसा कुणी समोर आला तर आरसा पाहून वेग कमी करा आणि त्याला त्याच्या कडेनेच जाऊ द्या. त्याला धडा शिकवायला त्याच्यासमोर गाडी धरू नका.

रिंग रोडवर दिघोरीपासून पुढे आणि कळमना मार्केटच्या बाजूला जड गाड्या जास्त. ट्रकला ओव्हरटेक करायचं तर पटकन पूर्ण करा, त्याच्या शेजारी रेंगाळू नका. दोन ट्रकच्या मधल्या फटीत तर जाऊच नका. गिट्टी-मुरमाच्या टिप्परच्या मागे लांब राहा, ताडपत्री नसली की सांडतं.

पुढच्या गाडीपासूनचं अंतर मोजायला मेट्रोचे खांबच कामी येतात. पुढची गाडी एका खांबापासून निघाली की मनात सावकाश दोनदा ‘जय हरी विठ्ठल’ म्हणा. म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबाशी पोचलात तर फार जवळ आहात. पावसात चारदा म्हणा. त्या मोकळ्या जागेत कुणीतरी घुसणारच, आपल्याकडे जागा रिकामी राहत नाही. घुसला की चिडायचं नाही, थोडं मागे राहून पुन्हा अंतर करायचं. भाच्याला हेच सगळ्यात जड गेलं. तो म्हणाला, ‘मामा, असं तर सगळेच पुढे जातील.’ जाऊ दे म्हटलं. पाच मिनिटांनी पुढच्या सिग्नलला ते सगळे आमच्या शेजारीच उभे होते.

रस्ता पायाखाली काय करतो

सिमेंटचे रस्ते झाले तेव्हा बरं वाटलं. पण अनेक ठिकाणी सिमेंटचा थर वर आणि बाजूचे गट्टू खाली, अशी चांगली दोन-चार बोटांची पायरी राहिली आहे. कुणी कट मारला म्हणून तिथे खाली उतरलात तर परत वर येताना चाक त्या कडेला घासून गाडी आडवी होते. खाली गेलाच असाल तर कडेला समांतर चढू नका. वेग उतरवा, कडेपासून थोडं दूर जा आणि जमेल तितक्या काटकोनात वर या. दोन पट्ट्यांमधल्या लांब सांध्यात बारीक टायर अडकतो, तोही समांतर न जाता जमेल तितक्या काटकोनात ओलांडा.

उड्डाणपुलांवरचे लोखंडी सांधे, चेंबरची झाकणं, झेब्राचे पांढरे पट्टे पावसात काचेसारखे होतात. त्यावर ब्रेक नको, वळण नको, नुसतं सरळ जा. पहिल्या पावसाचा पहिला अर्धा तास सर्वांत वाईट, कारण वर्षभर सांडलेलं तेल आणि धूळ तेव्हा मिसळून वर येतं. तो अर्धा तास टपरीवर चहा घेऊन काढा. पाणी भरलेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या चाकांच्या रेषेतून जा. रस्त्यावर डबकं दिसलं तर खाली खड्डा आहे असंच समजा.

रात्री समोरून अप्पर मारत कुणी आलं की दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या पांढऱ्या रेषेकडे पाहा आणि वेग कमी करा. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांचा हेडलाइट दिवसाही जळतो, पण मागून दिसायला तेवढं पुरत नाही. बॅगवर आणि हेल्मेटमागे चमकणारी पट्टी चिकटवा. डिसेंबर-जानेवारीत शहराबाहेर पहाटेचं धुकं असतं, तेव्हा थांबलेल्या ट्रकचा मागचा दिवा जळत नसेल असंच समजून चला. डिसेंबरात अधिवेशन असलं की मोर्चांमुळे सीताबर्डी, झिरो माइलकडचे रस्ते वळवले जातात. वळवलेल्या रस्त्यावर सगळेच वाट शोधत असतात आणि कुणीही कुठेही वळतो.

समृद्धी महामार्ग शिवमडक्याहून सुरू होतो, पण त्यावर दुचाकीला परवानगी नाही. कुणी ‘थोडंसंच जाऊ’ म्हटलं तरी जाऊ नका. तिथल्या वेगात दुचाकी कुणाला दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

जानेवारीतला मांजा

बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर पटत नाही. संक्रांतीच्या आधी महिनाभर आणि नंतर काही दिवस नागपुरात गाडी चालवणाऱ्याच्या गळ्याला धोका असतो. नायलॉनचा मांजा तुटत नाही, कापतो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर त्यावर बंदी घातली, इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेळोवेळी प्रशासनाला फटकारलं, तरी तो मिळतो आणि दरवर्षी माणसं चिरली जातात. ज्यांच्या घरून हा मांजा उडतो त्यांना आपल्या पोरांच्या हातात काय दिलंय हे दिसायला हवं.

तुमच्याकडून करायचं ते असं. गळ्याला जाड मफलर दोन वेढे किंवा बाजारात मिळणारा गळ्याचा पट्टा बांधा, पातळ दुपट्टा पुरत नाही. हेल्मेटची काच खाली ठेवा. हँडलवर आरशांच्या बुडाशी बांधता येतो तो उंच तारेचा कमानीसारखा गार्ड जानेवारीपुरता लावा. तार डोक्याच्या उंचीपर्यंत असली पाहिजे. मुलाला पुढे टाकीवर किंवा स्कूटरच्या पुढ्यात उभं करू नका, कारण मांजा आधी त्याच्यापर्यंत पोचतो. उड्डाणपूल शक्यतो टाळा, तिथे दोन्ही बाजूंच्या गच्च्यांमधला दोरा नेमका तुमच्या उंचीला येतो. वेग तिसाच्या आत ठेवा. वर पाहत धावणारी पोरं दिसली की त्यांच्यासमोर कुठेतरी दोरा लोंबतोय असं समजा.

गळ्याला, हाताला काही बारीक लागल्यासारखं वाटलं तर हाताने ओढू नका, बोटं जातात. दोन्ही ब्रेक लावून सरळ रेषेत थांबा, मान मागे घ्या, थांबल्यावरच दोरा काढा. काढलेला दोरा गुंडाळून कचऱ्यात टाका, तसाच रस्त्यावर सोडू नका, मागून दुसरा कुणी येतोय.

डोकं शांत ठेवणं

कुणी कट मारला की हात आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. पाठलाग करावासा वाटतो, पुढच्या चौकात गाठून ‘काहून बे, दिसत नाही का?’ असं विचारावंसं वाटतं. त्या पाचशे मीटरांत तुमचं लक्ष फक्त त्या एका गाडीवर असतं आणि बाकीचा रस्ता तुम्ही आंधळ्यासारखा चालवता. मी अशा वेळी ठरवून एक गोष्ट करतो: ॲक्सिलरेटर सोडतो आणि त्या गाडीचा नंबर वाचतो. एमएच ३१, ४९ की ४०, एवढं वाचेपर्यंत ती पुढे गेलेली असते. हॉर्न ‘मी इथे आहे’ सांगायला आहे, आधी वाजवा. चूक होऊन गेल्यावर वाजवून काही होत नाही. फोन खिशात, आवाज बंद. ब्लूटूथवर बोलत चालवणंसुद्धा मी बंद केलं.

पडलातच तर

गाडी बाजूला घ्यायची घाई करू नका. आधी मागून येणारं वाहन पाहा, शक्य असेल तर रस्त्याच्या कडेला सरका. मान दुखत असेल, हातापायाला मुंग्या येत असतील तर हलू नका, जवळच्या माणसाला वाहतूक थांबवायला सांगा. १०८ ला रुग्णवाहिकेसाठी किंवा ११२ ला फोन करायला सांगा, आणि कुणा एकालाच नाव घेऊन किंवा बोट दाखवून सांगा, ‘दादा, तुम्ही लावा’. घोळक्याला सांगितलं तर कुणीच लावत नाही. दुसरा कुणी पडला असेल तर श्वास अडत असल्याशिवाय त्याचं हेल्मेट काढू नका, आणि त्याला पाणी पाजू नका.

मदत करणाऱ्याला पोलीस अडकवतात ही भीती अजून लोकांच्या मनात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. हे घरात, गल्लीत, कामावर सांगा, कारण उद्या तो पडलेला माणूस तुम्ही असू शकता. गंभीर मार असेल तर मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ट्रॉमा केअर सेंटरसारख्या ठिकाणी थेट न्या, लहान दवाखान्यांत फिरवण्यात पहिला तास जातो. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमीवर नेमलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार पैसे न भरता करायची केंद्राची योजना लागू आहे, ती दाखल करतानाच विचारा.

खिशात एक चिठ्ठी ठेवा: रक्तगट, घरचा नंबर, साखर-बीपीच्या गोळ्या असतील तर त्यांची नावं. फोनला कुलूप असतं, चिठ्ठीला नसतं. समोरच्या गाडीचा नंबर, चौकाचा फोटो, कॅमेऱ्याचा खांब कुठे आहे, हे सोबतच्या कुणाला टिपून ठेवायला सांगा, विम्याला लागतं.

बरे होऊन परत गाडीवर बसाल तेव्हा ते जुनं हेल्मेट घालू नका. बाहेरून साधा ओरखडा दिसला तरी आतला थर्माकोलचा थर एकदाच दबतो. गाडीचा पुढचा फोर्क आणि हँडलची सरळ रेषा मेकॅनिककडून तुमच्यासमोर तपासून घ्या. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती ताब्यात घेऊच नका. आणि पहिली फेरी रिंग रोडवर न काढता रविवारी सकाळी सहाला, त्याच रिकाम्या ले-आउटमध्ये काढा. तिसावर न्या, थांबवा. मग चाळीसवर.